न्यूजलेटरच्या यादीतून नाव आपोआप कटू नये म्हणून काय करायचं?

‘तुमचं पत्र हल्ली येत नाही. बंद केलंत का?’

मी एका छोट्या न्यूजलेटरची यादी सांभाळते. असा प्रश्न आला की मन चुटपुटतं, कारण पत्र बंद झालेलं नसतं. विचारणाऱ्याचं नाव यादीतून कटलेलं असतं आणि नोंदीत मात्र ‘स्वतःहून अनसबस्क्राइब’ असं लिहिलेलं असतं. एकदा अशाच एका वाचकाची नोंद मी खोदून पाहिली. पत्र पोचल्यावर काही सेकंदांतच त्यांच्या नावावर मेलमधली प्रत्येक लिंक उघडली गेली होती, वरपासून खालपर्यंत ओळीने, आणि सगळ्यांत खालची लिंक होती ‘अनसबस्क्राइब’. त्याच कार्यालयातले आणखी काही वाचक त्याच मिनिटाला गेले होते. कुणीही बोट लावलेलं नव्हतं. कार्यालयाच्या मेल-सुरक्षा यंत्रणेने लिंक धोकादायक आहेत का हे बघायला त्या उघडल्या होत्या, आणि आमची लिंक अशी बांधलेली होती की नुसती उघडली तरी नाव कटायचं. चूक आमची होती. वाचक मात्र बरेच दिवस पत्राची वाट बघत बसले.

हा प्रकार टाळता येतो. थोडं काम वाचणाऱ्याने करायचं आहे, बरंचसं पाठवणाऱ्याने. दोघांसाठीही खाली लिहिलं आहे. तुम्ही फक्त वाचक असाल तरी पाठवणाऱ्याचा भाग चाळा. एखाद्या पत्राला तक्रार लिहायची वेळ आली तर नेमकं काय सांगायचं ते कळेल.

## नाव कटण्याच्या वाटा

‘अनसबस्क्राइब’वर चुकून बोट पडणं ही सगळ्यांना सुचणारी वाट. प्रत्यक्षात ती बऱ्याच वाटांपैकी एक आहे.

सुरक्षा यंत्रणेची वाट वर सांगितली. दुसरी वाट पत्र पुढे पाठवण्याची. तुम्हाला एखादा अंक आवडला, तुम्ही तो मित्राला फॉरवर्ड केला. मित्राला नको होता, त्याने तळाची लिंक दाबली. त्या लिंकमध्ये ओळख तुमची आहे, त्यामुळे नाव तुमचं कटलं. तिसरी वाट स्पॅमच्या बटणाची. जीमेलमध्ये न्यूजलेटरला स्पॅम म्हणायला गेलात तर बऱ्याचदा ‘स्पॅम कळवा आणि अनसबस्क्राइब करा’ असा पर्याय समोर येतो. घाईत तोच दाबला जातो. याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या मेलसेवा तर स्पॅमची तक्रार नोंदणी केलेल्या पाठवणाऱ्याकडे परत कळवतात, आणि बहुतेक यंत्रणा तक्रार आली की त्या पत्त्यावर पाठवणं कायमचं थांबवतात.

चौथी वाट सामाईक पत्त्याची. चौकशीसाठी ठेवलेला एकच पत्ता पाच जण बघत असतील, किंवा एखाद्या गटाच्या पत्त्यावर पत्र येऊन सगळ्यांना वाटलं जात असेल, तर एकाने लिंक दाबली की सगळ्यांचं बंद. उरलेल्या दोन वाटांत वाचकाने काहीच केलेलं नसतं: मेल परत आली म्हणून यंत्रणेने नाव काढलं, किंवा ‘हा माणूस वाचत नाही’ असं ठरवून पाठवणाऱ्याने नाव काढलं.

## तुम्ही वाचक असाल तर

आधी खरंच नाव कटलंय का ते बघा. पाठवणाऱ्याच्या पत्त्याने मेलमध्ये शोध घ्या, आणि तो शोध स्पॅम व ट्रॅशमध्येही चालवा. जीमेल साध्या शोधात ही दोन ठिकाणं धरत नाही. पत्र स्पॅममध्ये सापडलं तर नाव शाबूत आहे, फक्त वाट चुकली आहे. जीमेल स्पॅममधल्या मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं, म्हणून हे लवकर करा. त्यानंतर सेटिंग्जमधलं ‘फिल्टर आणि ब्लॉक केलेले पत्ते’ हे पान उघडा. जुना एखादा फिल्टर पत्र परस्पर ट्रॅशमध्ये टाकत असतो आणि आपण पाठवणाऱ्याला बोल लावत बसतो.

पत्राला पक्की जागा द्या. पाठवणाऱ्याचा पत्ता संपर्कयादीत घाला. जीमेलमध्ये त्या पत्त्यासाठी फिल्टर बनवा, त्यात ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’ निवडा आणि एक वेगळं लेबल लावा. लेबलाचा खरा फायदा साफसफाईच्या दिवशी कळतो. जाहिरातींच्या ढिगाऱ्यातून एकगठ्ठा निवड करून आपण मेल उडवतो तेव्हा वाचायची पत्रं त्या ढिगाऱ्यात नसतात.

नको असलेल्या मेलसाठी बटण विचारपूर्वक निवडा. एखादा अंक वाचायचा नसेल तर डिलीट किंवा आर्काइव्ह. पत्रच नको असेल तर अनसबस्क्राइब. तुम्ही कधी मागितलंच नव्हतं असं काही आलं तर स्पॅम. ही तीन बटणं एकमेकांच्या बदली वापरली की गोंधळ होतो. मेल ॲपमध्ये डावी-उजवीकडे सरकवल्यावर काय व्हावं हे सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. तिथे आर्काइव्ह ठेवा, म्हणजे चुकून सरकलेली मेल परत मिळते. आयफोनच्या मेल ॲपमध्ये २०१६ पासून न्यूजलेटरच्या माथ्यावरच अनसबस्क्राइबची पट्टी दिसते. मेल उघडून वर-खाली करताना अंगठा नेमका त्या भागात असतो, एवढं ध्यानात असू द्या.

पुढे पाठवताना तळ कापा. फॉरवर्ड करण्याआधी मेलच्या मजकुरात खाली जा आणि ‘अनसबस्क्राइब’, ‘पसंती बदला’ अशा लिंक असलेला भाग पुसून टाका. ‘ब्राउझरमध्ये पाहा’ ही लिंक चॅटमध्ये टाकतानाही सावध राहा: तिच्यात बऱ्याचदा तुमची ओळख गुंफलेली असते आणि उघडणाऱ्या पानाच्या तळाशी तुमचीच अनसबस्क्राइब लिंक जिवंत असते. अंक वेबवर असेल तर तिथला साधा पत्ता पाठवा.

पत्ता जिवंत ठेवा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून वापरतात. फोटोंनीच ती भरली तरी मेल येणं थांबतं, पाठवणाऱ्याकडे ‘पेटी भरली’ असा निरोप जातो, आणि असं काही वेळा झालं की यंत्रणा नाव काढते. नोकरीच्या पत्त्यावर आवडीची पत्रं मागवू नका. नोकरी बदलली की पत्ता जातो, आणि कार्यालयाची सुरक्षा यंत्रणा लिंक उघडून बघते ती वेगळीच.

नाव कटलंच असेल तर पुन्हा फॉर्म भरा. फॉर्म ‘झालं’ म्हणाला आणि तरी पुढचा अंक आला नाही, तर तुमचा पत्ता पाठवणाऱ्याच्या ‘यांना पाठवू नये’ या वेगळ्या यादीत अडकलेला असण्याची दाट शक्यता आहे. स्पॅमची तक्रार गेली असेल तर हमखास असं होतं. अशा वेळी दहादा फॉर्म भरून उपयोग नाही, सरळ मेल लिहा. नाव कोणत्या पत्त्याचं आहे, शेवटचा अंक साधारण कधी आला आणि तुम्ही स्वतः बंद केलेलं नाही, एवढी तीन वाक्यं पुरतात.

## तुम्ही पाठवत असाल तर

### पहिली पायरी: प्रत्येक जाण्याला कारण लिहा

नुसता ‘अनसबस्क्राइब झाले’ हा शिक्का निरुपयोगी आहे. नोंदीत चार गोष्टी हव्यात: अंक कधी पोचला, नाव कधी कटलं, कोणत्या वाटेने कटलं आणि त्याच सुमारास त्या पत्त्यावरून आणखी कोणत्या लिंक उघडल्या गेल्या. वाटेच्या रकान्यात ‘मेल ॲपचं बटण’, ‘तळाची लिंक’, ‘स्पॅमची तक्रार’, ‘मेल परत आली’, ‘आम्ही काढलं’ हे वेगवेगळे लिहिले जावेत.

मग महिनाभराची नोंद घेऊन बसा. पोचल्यापासून काही सेकंदांत कटलेली नावं बाजूला काढा. एकाच डोमेनची (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या भागाची) नावं एकाच मिनिटाला गेली असतील, किंवा सगळ्या लिंक एका झटक्यात उघडल्या असतील, तर तिथे यंत्र होतं. माणूस आधी वाचतो, कंटाळतो, मग खाली जातो. त्याला वेळ लागतो.

### दुसरी पायरी: उघडणं आणि कापणं वेगळं करा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

वेबवर पान मागवण्याच्या विनंतीला ‘गेट’ म्हणतात आणि काही बदल करून घेण्याच्या विनंतीला ‘पोस्ट’. वेबच्या मूळ नियमांतच ‘गेट’ ही सुरक्षित विनंती मानली आहे: ती केल्याने समोर काहीही बदलू नये. सुरक्षा यंत्रणा, चॅटमध्ये लिंकची झलक दाखवणारी ॲप, वेब चाळणारे शोधयंत्रांचे बॉट हे सगळे याच भरवशावर लिंक बिनधास्त उघडतात. तुमची लिंक नुसत्या ‘गेट’ने नाव कापत असेल तर नियम तुम्ही मोडला आहे, त्यांनी नाही.

म्हणून तळाची लिंक एका साध्या पानावर न्या. तिथे कुणाची सदस्यता थांबते आहे ते दाखवा आणि एक बटण ठेवा: ‘हो, पत्र थांबवा’. बटण दाबल्यावर ‘पोस्ट’ जाईल आणि तेव्हाच नाव कटेल. पान उघडताच जावास्क्रिप्टने बटण आपोआप दाबायची युक्ती करू नका. काही सुरक्षा यंत्रणा पान खऱ्या ब्राउझरसारखं चालवून बघतात, आणि मग तीच चूक दुसऱ्या दाराने आत येते.

पानावर पत्ता दाखवताना पूर्ण दाखवू नका. पहिलं अक्षर आणि डोमेन, मधे ठिपके. फॉरवर्ड झालेल्या मेलमधून कुणी परका आला तर त्याला ‘हा पत्ता माझा नाही’ हे कळलं पाहिजे, पण तुमच्या वाचकाचा पत्ता कळता कामा नये. शेजारी एक ओळ घाला: ‘हे पत्र तुम्हाला कुणी पुढे पाठवलं असेल तर काहीही करायची गरज नाही.’ इतक्या छोट्या ओळीने फॉरवर्डची वाट बरीचशी बंद होते.

### तिसरी पायरी: हेडरमधली एका टिचकीची सोय नीट लावा

मेल ॲप पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जे अनसबस्क्राइब दाखवतं, ते मेलच्या हेडरमधल्या, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या पण वाचकाला सहसा न दिसणाऱ्या माहितीतल्या, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ या ओळीवरून. ही ओळ १९९८ सालच्या आरएफसी २३६९ या मानकातून आली. तिच्यातली लिंक सुरक्षा यंत्रणा उघडत आणि नावं कटत, हीच अडचण सोडवायला जानेवारी २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ आलं. त्यात ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ ही जोडीची ओळ आहे. माणसाने बटण दाबलं की मेलसेवा हेडरमधल्या त्या लिंकवर ‘पोस्ट’ करते. माणसाच्या संमतीविना तिने तसं करायचं नाही, असं मानकच सांगतं.

लावताना चुका होतात त्या इथे. लिंक ‘एचटीटीपीएस’ची हवी. तिच्यात कुणाला अंदाजाने बनवता येणार नाही असं टोकन, म्हणजे वाचकाची गुप्त खूण, हवी. नुसता वाचकाचा क्रमांक ठेवलात तर कुणीही क्रमांक बदलून दुसऱ्याचं नाव कापेल. दोन्ही ओळी डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरोखर पाठवणाऱ्याच्या डोमेनची आहे हे सांगणाऱ्या डिजिटल सहीच्या, कक्षेत आलेल्या असाव्यात. ‘पोस्ट’ला उत्तर देताना दुसऱ्या पानाकडे वळवू नका. आणि याच लिंकवर ‘गेट’ आलं तर नाव कापू नका, दुसऱ्या पायरीतलं बटणाचं पान दाखवा. ही शेवटची गोष्ट आमच्याकडे राहून गेली होती.

ही सोय आता ऐच्छिकही राहिलेली नाही. जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नवे नियम लावले, प्रचाराच्या आणि सदस्यतेच्या मेलमध्ये हेडरमधली एका टिचकीची सोय मागितली, आणि विनंती २ दिवसांत पाळायला सांगितली. याहूचे नियमही तसेच आहेत. हेडर एका टिचकीचं आणि तळाची लिंक बटणाच्या पानाची, अशी दोन्ही एकत्र चालतात. त्यात नियमभंग होत नाही.

### चौथी पायरी: तळाची मांडणी

अनसबस्क्राइबची लिंक स्वतंत्र ओळीवर ठेवा. तिच्या वर-खाली बोटभर मोकळी जागा सोडा. ‘मित्राला पाठवा’, ‘वेबवर वाचा’ या लिंक तिला चिकटवू नका. फोनवर बोट जाडं पडतं. ‘पत्र कमी वेळा हवं’, ‘पत्ता बदला’ असे पर्याय देत असाल तर शब्द स्पष्ट लिहा. पत्ता बदलायला गेलेला माणूस नाव कापून बाहेर पडतो तो शब्दांच्या घोळामुळेच. एकापेक्षा जास्त पत्रं पाठवत असाल तर ‘हे पत्र थांबवा’ आणि ‘सगळीच थांबवा’ ही दोन बटणं दुरून वेगळी दिसली पाहिजेत.

आणि मेल हलकी ठेवा. साधारण १०२ केबीच्या पुढे जीमेल मेल कापतं आणि उरलेला भाग वेगळ्या लिंकमागे ढकलतं. तळ दिसेनासा झाला की जाऊ इच्छिणारा माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

### पाचवी पायरी: परत आलेल्या मेल वाचून मगच नाव काढा

परत आलेल्या मेलवर कारणाचा आकडा असतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, नाव काढा. ४ ने सुरू होणारे आकडे तात्पुरत्या अडचणीचे. शेवटी २.२ असलेला आकडा पेटी भरल्याचा. काही सर्व्हर तो ५ ने सुरू करून पाठवतात आणि भोळी यंत्रणा त्याला कायमची नकारघंटा समजते. ५.७.१ म्हणजे समोरच्याने धोरण म्हणून मेल नाकारली. पत्ता खरा आहे, वाचक जागेवर आहे, अडचण तुमच्या मेलमध्ये किंवा सर्व्हरच्या लौकिकात आहे. एका रात्रीत एकाच डोमेनचे सगळे पत्ते ५.७.१ ने परत आले आणि यंत्रणेने ते सगळे काढून टाकले, तर दोष शोधण्याआधी ती नावं परत जागेवर ठेवा.

### सहावी पायरी: ‘वाचत नाहीत’ हे ठरवताना घाई नको

मेल उघडली की नाही हे एका अदृश्य चित्रावरून मोजतात. चित्रं बंद ठेवून वाचणारा माणूस त्या मोजणीत कधीच दिसत नाही. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये आणलेली गोपनीयतेची सोय चित्रं आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचणाराही वाचल्यासारखा दिसतो. या आकड्यावर विसंबून यादी साफ केली तर तुमचे निष्ठावान वाचकच कापले जातात. मी स्वतः उघडण्याचा आकडा या कामासाठी वापरणं सोडून दिलं आहे. लिंक उघडणं, उत्तर पाठवणं, फॉर्म भरणं यांपैकी फार काळ काहीच दिसलं नाही, तर काढण्याआधी एक साधी मेल पाठवते: ‘पत्र पुढे हवं असेल तर याच मेलला उत्तर द्या.’ आणि काही दिवसांनी आणखी एकदा.

### सातवी पायरी: स्वतःच चाचणी घ्या

एक चाचणीचा पत्ता यादीत घाला आणि त्यावर अंक पाठवा. तळाची लिंक खासगी खिडकीत उघडा, काही न करता बंद करा. यादीत नाव आहे का बघा. मग तीच लिंक एखाद्या चॅटमध्ये स्वतःलाच पाठवा. झलक तयार होईल, म्हणजे यंत्राने ती उघडली. पुन्हा नाव बघा. मग हेडरमधली लिंक काढून ब्राउझरमध्ये उघडा. पुन्हा बघा. तिन्ही वेळा नाव जागेवर असलं पाहिजे. आता मेल ॲपचं खरं बटण दाबा. या वेळी ते कटलं पाहिजे, लगेच. टेम्प्लेट किंवा सेवा बदलली की हे सगळं पुन्हा.

## दार मात्र अडवू नका

चुकून जाणं थांबवण्याच्या नावाखाली मुद्दाम जाणं अवघड करण्याचा मोह होतो. लॉग-इन मागणं, फिकट रंगात लिंक लपवणं, ‘का जाताय?’ हा फॉर्म सक्तीचा करणं. हे वाचकाचा अपमान करणारं आहे, आणि बेकायदाही ठरू शकतं. अमेरिकेच्या २००३ सालच्या कॅन-स्पॅम कायद्याखाली बाहेर पडण्यासाठी ईमेल पत्त्यापलीकडे माहिती मागता येत नाही, एका पानापेक्षा जास्त फिरवता येत नाही आणि विनंती १० कामकाजी दिवसांत पाळावी लागते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं कलम ७ म्हणतं की संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. एका पानावरचं एक बटण या दोन्हींत बसतं. दुसरं बटण वाढवायचा विचार आला तर तिथेच थांबा.

## चुकून गेलेल्यांना परत आणताना

नाव कटल्यावर दिसणाऱ्या पानावर ‘चुकून झालं? परत जोडा’ हे बटण द्या. चुकीचा इलाज याहून स्वस्त कुठेच मिळत नाही. ते बटणही ‘पोस्ट’नेच चाललं पाहिजे, नाहीतर यंत्रं माणसांना मनाविरुद्ध परत जोडत बसतील.

जुन्या नोंदीत यंत्राने कापलेली नावं सापडली तर ती गुपचूप परत घालू नका. नोंद कितीही स्पष्ट वाटली तरी त्यांत एखादा खरोखर गेलेला असू शकतो, आणि त्याला पुन्हा पत्र गेलं तर तो थेट स्पॅमचं बटण दाबेल. पुष्कळ न्यूजलेटर सेवा तर असं नाव पाठवणाऱ्याला परत घालूच देत नाहीत. वाचकालाच पुन्हा फॉर्म भरावा लागतो. ज्यांनी स्वतः लिहून विचारलं त्यांना फॉर्मची लिंक पाठवा, त्यांचं उत्तर जपून ठेवा आणि त्यांच्या कार्यालयाची सुरक्षा यंत्रणा लिंक उघडते हे सांगून खासगी पत्ता देता येईल का ते विचारा. आमच्या त्या पहिल्या वाचकांनी तसाच दुसरा पत्ता दिला, आणि मधले चुकलेले अंक मी त्यांना एकत्र पाठवले.